आधी ऑब्जेक्ट, मग मेथड, शेवटी क्लास: ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगची पहिली वाट

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकायला बसले की पहिल्याच धड्यात व्याख्यांची रांग लागते. क्लास म्हणजे काय, ऑब्जेक्ट म्हणजे काय, आणि त्यांच्या पाठोपाठ इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम, एन्कॅप्सुलेशन, ॲबस्ट्रॅक्शन. परीक्षेपुरत्या त्या पाठ होतात. पण रिकाम्या फाइलसमोर बसल्यावर पहिली ओळ कोणती लिहायची, हे त्यांतून कळत नाही. म्हणून माझा आग्रह उलट्या क्रमाचा आहे. आधी तयार ऑब्जेक्ट, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र असलेल्या गोष्टी, वापरा, मग त्यांच्या मेथड, म्हणजे ती कामे, ओळखायला शिका, आणि स्वतःचा क्लास, म्हणजे ऑब्जेक्टचा प्रकार, सगळ्यात शेवटी लिहा. या सगळ्या वाटेवर एकच प्रश्न हाताशी ठेवा: ही ओळ कोणत्या ऑब्जेक्टशी बोलते आहे?

उदाहरणे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली आहेत, कारण सुरुवातीला त्यात सोपस्कार कमी लागतात. वाचायला सोपे जावे म्हणून सगळे नमुने देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना क्लास, डेफ, रिटर्न, इफ, प्रिंट, सॉर्ट असे भाषेचे स्वतःचे शब्द आणि आकडे रोमन कीबोर्डवरूनच लिहावे लागतात. तुम्ही ठेवलेली नावे, म्हणजे व्हेरिएबलची, क्लासची किंवा मेथडची, पायथन ३ मध्ये देवनागरीतही चालतात. सरावाला ती खुशाल वापरा. इतरांसोबत काम करताना मात्र बहुतेक ठिकाणी रोमन नावांचाच प्रघात आहे.

पायरी १: आधी क्लासशिवाय काम करून बघा

समजा, आपण कोणते पुस्तक किती वाचले याची नोंद ठेवायची आहे. दोन पुस्तके आहेत, एक भूमितीचे आणि एक इतिहासाचे. क्लास माहीत नसताना कोणीही असे लिहील:

    भूमिती_एकूण = २४०
    भूमिती_वाचली = ०
    इतिहास_एकूण = ३१२
    इतिहास_वाचली = ५०

    डेफ वाच(वाचली, पाने):
        रिटर्न वाचली + पाने

    भूमिती_वाचली = वाच(इतिहास_वाचली, ३०)

शेवटची ओळ पुन्हा वाचा. नोंद भूमितीची करायची होती, पण कंसात इतिहासाचा आकडा गेला. भूमितीची ८० पाने वाचून झाल्याची नोंद झाली आणि एरर एकही आली नाही. संगणकाच्या दृष्टीने ही निव्वळ बेरीज आहे. कोणता आकडा कोणत्या पुस्तकाचा, हे फक्त तुमच्या डोक्यात आहे आणि व्हेरिएबलच्या नावात आहे. पुस्तके दोनाची वीस झाली की ते डोक्यात मावत नाही.

हा नमुना टाइप करून रन करा, दोन-तीन पुस्तके वाढवा आणि प्रत्येकाला 'शेवटची वाचनाची तारीख' जोडून बघा. ही पायरी गाळू नका. क्लास कोणत्या अडचणीवरचा उपाय आहे, हे इथे हाताला कळते.

ऑब्जेक्टची कल्पना जन्मली तीही अशाच अडचणीतून. १९६० च्या दशकात ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड हे सिम्युलेशनसाठी, म्हणजे खऱ्या जगातल्या हालचाली संगणकावर घडवून पाहण्यासाठी, एक भाषा घडवत होते. त्या कामात एकाच प्रकारच्या पुष्कळ गोष्टी एकाच वेळी वावरतात, पण प्रत्येकीची अवस्था वेगळी असते. सिम्युला ६७ या त्यांच्या भाषेत क्लास आणि ऑब्जेक्ट आले, इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासच्या आधारे त्याचाच उपप्रकार असलेला दुसरा क्लास घडवणे, हेही तिथलेच. या कामासाठी दोघांना संगणकशास्त्रातले २००१ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. एक प्रकार, अनेक नग, प्रत्येकाची माहिती स्वतंत्र: आपल्या पुस्तकांचे दुखणे नेमके हेच आहे.

पायरी २: जे ऑब्जेक्ट आधीच हातात आहेत ते ओळखा

पायथनमध्ये लिस्ट वापरली असेल तर तुम्ही ऑब्जेक्ट वापरलेलेच आहेत.

    आकडे = [७, ३, ५]
    आकडे.अपेंड(९)
    आकडे.सॉर्ट()
    प्रिंट(आकडे)

उत्तर येईल [३, ५, ७, ९]. इथे 'आकडे' या नावामागे एक लिस्ट ऑब्जेक्ट आहे. टिंबाच्या डावीकडे तो ऑब्जेक्ट, उजवीकडे त्याला सांगितलेले काम. हे काम म्हणजे मेथड. मेथड हे फंक्शनच असते, फक्त ते क्लासच्या आत लिहिलेले असते आणि एखाद्या ऑब्जेक्टवर चालवले जाते. अपेंडला कोणत्या लिस्टमध्ये भर घालायची ते वेगळे सांगावे लागले नाही. टिंबाच्या डावीकडे जो आहे, त्याच्याच माहितीवर काम झाले. पहिल्या पायरीतली चूक होण्याची जागाच इथे उरत नाही.

१९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक ही भाषा घडवली, तेव्हा त्यांनी याच गोष्टीवर भर दिला: ऑब्जेक्टला निरोप पाठवायचा, तो कसा पार पाडायचा ते ऑब्जेक्ट ठरवेल. टिंब असलेली प्रत्येक ओळ अशी वाचायची सवय लावा. 'आकडे, तुझ्यात ९ घाल.' 'आकडे, स्वतःला क्रमाने लाव.'

आता एक बारकावा, जो नवशिक्यांना फार छळतो. खालची ओळ चालवून बघा:

    नवे = आकडे.सॉर्ट()
    प्रिंट(नवे)

पडद्यावर 'नन' येते. म्हणजे काहीच नाही. सॉर्टने लिस्ट जागच्या जागी बदलली, उत्तर म्हणून परत काही दिले नाही. याउलट, मजकुरावर रिप्लेस ही मेथड चालवली तर मूळ मजकूर जसाच्या तसा राहतो आणि नवा मजकूर परत मिळतो, कारण पायथनमध्ये मजकूर एकदा तयार झाला की बदलता येत नाही. थोडक्यात, मेथड दोन तऱ्हेच्या असतात: ऑब्जेक्टची अवस्था बदलणाऱ्या, आणि काही न बदलता उत्तर देणाऱ्या. नवी मेथड भेटली की ती यांपैकी कोणती हे आधी तपासा. स्वतः लिहाल तेव्हाही शक्यतो दोन्ही कामे एकाच मेथडमध्ये कोंबू नका.

पायरी ३: पहिला क्लास

    क्लास पुस्तक:
        डेफ __इनिट__(सेल्फ, नाव, एकूण):
            सेल्फ.नाव = नाव
            सेल्फ.एकूण = एकूण
            सेल्फ.वाचली = ०

        डेफ वाच(सेल्फ, पाने):
            सेल्फ.वाचली = सेल्फ.वाचली + पाने

        डेफ बाकी(सेल्फ):
            रिटर्न सेल्फ.एकूण - सेल्फ.वाचली

        डेफ टक्के(सेल्फ):
            रिटर्न सेल्फ.वाचली * १०० / सेल्फ.एकूण

    भूमिती = पुस्तक("भूमिती", २४०)
    इतिहास = पुस्तक("इतिहास", ३१२)
    भूमिती.वाच(३०)
    प्रिंट(भूमिती.टक्के())
    प्रिंट(इतिहास.टक्के())

पहिले उत्तर १२.५, दुसरे ०.०. भूमिती वाचली म्हणून इतिहासाला धक्का लागला नाही.

क्लासचा मजकूर वाचून पायथनने एकही पुस्तक तयार केलेले नसते. त्याने फक्त 'पुस्तक' हा प्रकार समजून घेतलेला असतो. ऑब्जेक्ट तयार होतो तो 'पुस्तक("भूमिती", २४०)' या ओळीला. त्या क्षणी इनिट आपोआप चालते आणि नव्या ऑब्जेक्टमध्ये सुरुवातीची माहिती भरते. इनिटच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असतात. एक जरी कमी पडला तरी पायथन ती साधी मेथड समजतो, ती आपोआप चालत नाही, आणि ऑब्जेक्ट तयार करताना एरर येते. नाव, एकूण, वाचली ही ऑब्जेक्टची ॲट्रिब्यूट, म्हणजे त्याच्याजवळची माहिती. वाच, बाकी, टक्के या त्याच्या मेथड.

टक्के ही मेथड उत्तर परत देते, स्वतः प्रिंट करत नाही. सुरुवातीला प्रत्येक मेथडमध्ये प्रिंट घालण्याचा मोह होतो. तो टाळा. परत दिलेल्या आकड्याची बेरीज करता येते, तुलना करता येते, तो फाइलमध्ये लिहिता येतो; पडद्यावर छापलेल्या आकड्याचे पुढे काही करता येत नाही.

पायरी ४: सेल्फ नीट समजून घ्या

इथे घाई करू नका. पुढच्या बहुतेक अडचणी इथूनच उगवतात. या दोन ओळी एकामागून एक चालवा:

    भूमिती.वाच(३०)
    पुस्तक.वाच(भूमिती, ३०)

दोन्ही अगदी तेच काम करतात. पहिली ओळ ही दुसरीचीच सोयीची मांडणी आहे. टिंबाच्या डावीकडचा ऑब्जेक्ट पायथन स्वतःहून पहिल्या जागी पाठवतो, आणि मेथडच्या व्याख्येत तो 'सेल्फ' या नावाने येऊन बसतो. भूमिती.वाच चालू असताना सेल्फ म्हणजे भूमिती, इतिहास.वाच चालू असताना सेल्फ म्हणजे इतिहास. मेथडचा मजकूर एकदाच लिहिलेला असतो, सेल्फ दर वेळी बदलतो. 'सेल्फ' हा भाषेचा राखीव शब्द नाही, तिथे दुसरे नावही चालेल. पण सगळे पायथन लिहिणारे हेच नाव वापरतात, तेव्हा तुम्हीही हेच वापरा.

आता मुद्दाम चुका करा. व्याख्येतला सेल्फ काढा, म्हणजे 'डेफ वाच(पाने)' एवढेच ठेवा, आणि आत सेल्फऐवजी नुसते प्रिंट(पाने) लिहा. भूमिती.वाच(३०) चालवल्यावर टाइपएरर येईल: मेथड एकच आर्ग्युमेंट (कंसात दिलेली माहिती) घेते, पण दोन दिली आहेत. तुम्ही तर एकच दिले होते! दुसरे म्हणजे भूमिती, जी पायथनने स्वतः पाठवली. हा संदेश दिसला की व्याख्येत सेल्फ राहिला आहे का ते सगळ्यात आधी बघायचे.

दुसरी चूक जास्त लबाड आहे. इनिटमध्ये 'सेल्फ.वाचली = ०' ऐवजी नुसते 'वाचली = ०' लिहा. इनिट तक्रारीशिवाय पार पडेल. पण ते व्हेरिएबल मेथडपुरतेच होते; मेथड संपली, ते गेले. ऑब्जेक्टजवळ वाचली नावाचे काही राहिलेच नाही. पुढे वाच चालवाल तेव्हा ॲट्रिब्यूटएरर येईल, आणि ती बोट दाखवेल 'वाच' या मेथडकडे, जिथे चूक नाहीच. म्हणून ॲट्रिब्यूटएरर आली की एररच्या ओळीबरोबर इनिटही तपासावे.

आणखी एक नेहमीची गोष्ट: 'प्रिंट(भूमिती.टक्के)' असे कंसाशिवाय लिहिले तर आकडा न येता 'बाउंड मेथड' असे काहीतरी लांबलचक छापले जाते. कंस नसले तर मेथड चालत नाही, तिचा फक्त उल्लेख होतो.

पायरी ५: नाव वेगळे, ऑब्जेक्ट वेगळा

    दुसरे = भूमिती
    दुसरे.वाच(१०)
    प्रिंट(भूमिती.वाचली)

भूमितीची ३० पाने झालेली असतील, तर उत्तर ४० येईल. 'दुसरे = भूमिती' या ओळीने पुस्तकाची प्रत निघत नाही. एकाच ऑब्जेक्टला दोन नावे मिळतात. कागद-पेन्सिल घ्या, ऑब्जेक्टसाठी चौकोन काढा, आत ॲट्रिब्यूट लिहा, आणि प्रत्येक नावापासून त्याच्या चौकोनाकडे बाण काढा. इतके साधे चित्र काढले तरी गोंधळ कुठे आहे ते बहुधा लगेच दिसते. 'पायथन ट्यूटर' हे मोफत साधन हेच चित्र तुमच्या कोडवरून ओळीगणिक काढून दाखवते. पहिल्या काही आठवड्यांत ते जरूर वापरा.

याची दुसरी बाजूही पाहा. पुस्तक("भूमिती", २४०) असे दोनदा लिहून दोन ऑब्जेक्ट केले आणि दोन बरोबरच्या चिन्हांनी त्यांची तुलना केली, तर उत्तर 'फॉल्स' येते, आतली माहिती जुळत असली तरी. आपल्या क्लाससाठी 'समान' कशाला म्हणायचे हे पायथनला माहीत नसते. ते सांगण्यासाठी ईक्यू नावाची, दोन्हीकडे अंडरस्कोर असलेली मेथड लिहावी लागते. आज तिची गरज नाही, पण फॉल्स का आले हे कळलेले बरे.

पायरी ६: नियम माहितीच्या शेजारी ठेवा

सध्या भूमिती.वाच(९००) चालते आणि टक्के शंभरावर जातात. ऋण आकडाही चालतो. हे थांबवायची योग्य जागा एकच, वाच ही मेथड:

    डेफ वाच(सेल्फ, पाने):
        इफ पाने < ० ऑर पाने > सेल्फ.बाकी():
            रेझ व्हॅल्यूएरर("पानांचा आकडा चुकीचा आहे")
        सेल्फ.वाचली = सेल्फ.वाचली + पाने

आकडा नियमात बसला नाही तर 'रेझ'ची ओळ एरर देते आणि पुढची बेरीज होतच नाही. माझ्या मते क्लासचे खरे मोल इथे आहे. माहिती आणि फंक्शने एकत्र बांधली जातात हे खरे, पण महत्त्वाचे म्हणजे माहिती बिघडू न देण्याची जबाबदारी एका ठिकाणी येते. प्रोग्राममध्ये पन्नास ठिकाणांहून वाच चालवले तरी तपासणी एकदाच लिहिली आहे. एन्कॅप्सुलेशन हा जड शब्द याच कामासाठी आहे.

पायथन बाहेरून 'भूमिती.वाचली = ९००' लिहिणाऱ्याचा हात धरत नाही. तिथे संकेत असा की ॲट्रिब्यूटच्या नावाआधी एक अंडरस्कोर असेल तर बाहेरच्यांनी त्याला हात लावू नये. हा संकेत पाळा, इतरांच्या कोडमध्ये तर नक्कीच.

त्याच धर्तीवर इनिटमध्येही एक तपासणी घाला: एकूण पाने शून्य किंवा ऋण असतील तर ऑब्जेक्ट तयारच होऊ देऊ नका. नाहीतर टक्के काढताना शून्याने भागायची वेळ येईल.

पायरी ७: दुसरा क्लास, पहिल्याच्या आधाराने

    क्लास वाचनयादी:
        डेफ __इनिट__(सेल्फ):
            सेल्फ.पुस्तके = []

        डेफ जोड(सेल्फ, नवे):
            सेल्फ.पुस्तके.अपेंड(नवे)

        डेफ उरलेली(सेल्फ):
            बेरीज = ०
            फॉर प इन सेल्फ.पुस्तके:
                बेरीज = बेरीज + प.बाकी()
            रिटर्न बेरीज

भूमितीची ४० पाने झाली असतील आणि इतिहासाचे एकही नाही, तर दोन्ही पुस्तके यादीत जोडल्यावर उरलेली ५१२ येतात. 'प.बाकी()' या ओळीकडे लक्ष द्या. यादीने पुस्तकाच्या आत हात घालून एकूणमधून वाचली वजा केली नाही. तिने पुस्तकालाच विचारले. उद्या पुस्तकात परिशिष्टाची पाने मोजायची नाहीत असे ठरले, तर फक्त पुस्तक क्लासमधली बाकी ही मेथड बदलेल. यादीला त्याची खबरही लागणार नाही.

इथे एक सापळा आहे. 'पुस्तके = []' ही ओळ इनिटमध्ये न लिहिता थेट क्लासखाली लिहिली, तर सगळ्या वाचनयाद्या मिळून एकच लिस्ट वापरतात. एका यादीत जोडलेले पुस्तक दुसरीत दिसू लागते. क्लास म्हणजे साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून निघालेली मूर्ती, असे सगळीकडे सांगितले जाते. पण साच्यातून निघालेल्या मूर्तीचा साच्याशी संबंध संपतो, ऑब्जेक्टचा क्लासशी संपत नाही. टिंबानंतरचे नाव पायथन आधी ऑब्जेक्टमध्ये शोधतो, तिथे नसेल तर क्लासमध्ये. मेथड सापडतात त्या अशाच, क्लासमध्ये. आणि क्लासखाली लिहिलेली लिस्टही सगळ्यांना तीच सापडते.

हा दोष लपून राहतो, कारण आकड्यांच्या बाबतीत तो दिसत नाही. क्लासखाली 'वाचली = ०' लिहिले तरी वाच नीट चालते: 'सेल्फ.वाचली = सेल्फ.वाचली + पाने' यात उजवीकडचा आकडा क्लासमधून येतो, पण बेरीज साठवली जाते त्या ऑब्जेक्टमध्ये. लिस्टवर अपेंड चालवताना मात्र नवे काही साठवले जात नाही, असलेलीच सामायिक लिस्ट बदलते. तेव्हा प्रत्येक ऑब्जेक्टची स्वतःची असायला हवी ती माहिती इनिटमध्येच.

पायरी ८: कशाचा क्लास करायचा?

आपल्याला काय हवे आहे ते चार वाक्यांत साध्या मराठीत लिहा. नामांखाली एक रेघ मारा, क्रियापदांखाली दोन. 'वाचक पुस्तकाची पाने वाचतो, यादी उरलेली पाने सांगते.' नामांतून क्लास सुचतात, क्रियापदांतून मेथड. पण प्रत्येक नामाचा क्लास होत नाही. 'पाने' हा नुसता आकडा आहे, त्याला ॲट्रिब्यूट पुरते. वाचक एकच असेल तर त्याचाही क्लास नको. माझी कसोटी अशी: ज्याच्याजवळ काळानुसार बदलणारी स्वतःची माहिती आहे, आणि त्या माहितीवर चालणारी किमान एक-दोन कामे आहेत, त्याचा क्लास करा. बाकीच्यांना साधे व्हेरिएबल किंवा फंक्शन द्या.

इनहेरिटन्स सध्या बाजूला ठेवा. वाचनयादीच्या आत पुस्तके आहेत, यादी हा पुस्तकाचा प्रकार नाही. एका ऑब्जेक्टमध्ये दुसरे ठेवून सुरुवातीचे जवळजवळ सगळे प्रोग्राम होतात. स्टॅटिक मेथड आणि क्लास मेथड यांनाही घाई नाही.

सरावासाठी

स्टॉपवॉचचा क्लास लिहा: सुरू, थांब आणि किती_सेकंद या तीन मेथड. सुरू न करताच थांब म्हटले तर काय व्हावे ते आधी ठरवा, मग लिहा. त्यानंतर पुस्तक क्लासला एसटीआर ही दोन्हीकडे अंडरस्कोर असलेली मेथड जोडा आणि तिच्यातून वाचण्याजोगा मजकूर परत द्या. प्रिंट(भूमिती) केल्यावर मेमरीतला पत्ता न दिसता तो मजकूर दिसेल.

हे जमले की तोच पुस्तक क्लास जावा या दुसऱ्या भाषेत लिहा. तिथे प्रत्येक ॲट्रिब्यूटचा प्रकार आधी सांगावा लागतो, इनिटच्या जागी क्लासच्याच नावाचा कन्स्ट्रक्टर असतो, आणि ऑब्जेक्ट तयार करताना 'न्यू' लिहावे लागते. कंसात सेल्फ लिहायचा नसतो. तोच ऑब्जेक्ट 'धिस' या नावाने आपोआप मिळतो. वाचली हे ॲट्रिब्यूट प्रायव्हेट, म्हणजे क्लासबाहेरून हात न लावता येणारे, करा, आणि मग दुसऱ्या क्लासमधून ते थेट ९०० करणारी ओळ मुद्दाम लिहा. ती कंपाइल होणार नाही. कंपायलर, म्हणजे चालवण्याआधी कोड तपासून भाषांतर करणारा प्रोग्राम, काय म्हणतो ते शब्दन् शब्द वाचा.